सहा वर्षं न उघडलेला हब: मालाडमधल्या एका बोट ट्रेलरचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या मालाडच्या सोसायटीत मागच्या भिंतीलगत एक 14 फुटी फायबरची होडी ट्रेलरवर उभी असते. मालक बँकेत नोकरीला आहेत. त्यांची सासुरवाडी मढच्या कोळीवाड्यातली. मेहुण्याच्या संगतीने त्यांना गळाच्या मासेमारीचा छंद लागला आणि दोघांनी अर्धे-अर्धे पैसे घालून होडी घेतली. मी त्याच इमारतीत राहतो. आयटीआयमध्ये बरीच वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला, आता निवृत्त आहे. नावं दिलेली नाहीत. मालक आणि मेहुणा दोघांनी वाचून होकार दिला, मगच हे लिहिलं.

होडी खाडीतच का नांगरून ठेवली नाही, असं पुष्कळ जण विचारतात. रोज समुद्रात जाणाऱ्याला ते परवडतं. रविवारी-रविवारी वापरायची होडी पाण्यात ठेवली की तळाला शेवाळ आणि बारीक शिंपले धरतात, शिवाय मागे लावलेल्या मशीनवर रात्रंदिवस कुणीतरी नजर ठेवावी लागते. म्हणून ट्रेलर. तोही साधा: एकच ऍक्सल, ब्रेक नाही, 12 इंची चाकं, पाट्यांची स्प्रिंग, आणि रेड ऑक्साइडवर मारलेला निळा रंग. होडी, 25 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन, पेट्रोलची टाकी आणि ट्रेलर धरून सगळं वजन साडेपाचशे किलोच्या आसपास. ओढायला बोलेरो.

नेहमीचा प्रवास घरापासून मार्वेच्या किनाऱ्यापर्यंत, पाच-सात किलोमीटर. भरतीच्या वेळी ट्रेलर उलटा पाण्यात न्यायचा, चाकं बुडली की होडी तरंगते, ती सोडायची आणि ट्रेलर बाहेर काढायचा. परत येताना तेच उलट्या क्रमाने. म्हणजे दर फेरीला दोन्ही चाकांचे हब (चाक ज्याच्यावर बसतं आणि ज्याच्या आत बेअरिंग असतात तो मधला गोल भाग) दोनदा खाऱ्या पाण्यात बुडत होते. घरी आल्यावर मशीन गोड्या पाण्यावर चालवून धुतलं जाई, होडी धुतली जाई आणि उरलेली एखादी बादली चाकांवर पडे. दिवाळीच्या सुमारास हबच्या टोपीवरच्या निपलमध्ये ग्रीस गनचे दोन-तीन दट्टे मारायचे. टोपीच्या कडेने ग्रीस डोकावलं की काम झालं, असा समज होता. सहा वर्षं हब उघडला गेला नाही आणि सहा वर्षं काही बिघडलंही नाही.

अडचण

एप्रिलच्या शेवटी दोन्ही कुटुंबांनी अलिबागचा बेत आखला. होडी पहिल्यांदाच शंभराहून जास्त किलोमीटर ओढली जाणार होती. जाताना ट्रेलर मागे डुलत होता, बाकी काही जाणवलं नाही. पोचले तेव्हा भरती उतरायला लागली होती, म्हणून गाडी थेट किनाऱ्यावर घेतली आणि पोचल्या-पोचल्या होडी पाण्यात सोडली.

तिसऱ्या दिवशी परतताना, पेण सोडून खारपाड्याच्या पुलाच्या अलीकडे, मागून आलेल्या मोटरसायकलवाल्याने हात करून गाडी थांबवायला लावली. ट्रेलरच्या उजव्या चाकातून धूर येत होता. चाक वरून आत झुकलेलं, हबवर हात ठेवणं अशक्य. घाईत मेहुण्याने त्यावर बाटलीभर पाणी ओतलं, ते चरचरलं. जवळच्या गॅरेजवाल्याने टोपी काढली, बाहेरच्या बेअरिंगचे तुकडे हातात आले. त्याच्याकडे जुळणारं बेअरिंग होतं ते बसवलं, ग्रीस भरलं आणि बजावलं की आतल्या बाजूला मी हात लावलेला नाही, हळू न्या. तीस-चाळीसच्या वेगाने, दर दहा किलोमीटरला थांबत ते पहाटे घरी पोचले. त्या माणसाने रस्त्याच्या कडेला, बॅटरीच्या उजेडात जेवढं प्रामाणिकपणे करता येतं तेवढं केलं होतं, हे मला नोंदवलंच पाहिजे.

सोमवारी संध्याकाळी मालक माझ्याकडे आले. "सर, एक बेअरिंग गेलं होतं, बदललंय. आता बाकी काही करायला हवं का?" मी ट्रेलरपाशी गेलो आणि उजवं चाक वर आणि खाली धरून हलवलं. हातात खडखड आली. बोलेरोच्या चाकाखाली कुणी येऊ नये म्हणून आपण जेवढं जपतो, तेवढंच या चाकासाठी जपायला हवं. हायवेवर निखळलेलं चाक मागच्या मोटरसायकलवाल्यालाच गाठतं. त्या दिवशी ज्याने हात करून थांबवलं, त्यालाच.

बेअरिंग का गेलं, हे आधी समजून घेणं भाग होतं. नाहीतर नवीनही तसंच जाईल. हबमध्ये दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग असतात, आत मोठं, बाहेर लहान. मागच्या तोंडाला रबरी ऑइल सील, पुढे पत्र्याची टोपी. गाडी चालली की हब तापतो, आतली हवा पसरते आणि थोडी बाहेर पडते. तसाच तापलेला हब समुद्रात बुडवला की उरलेली हवा झटकन आकसते, आत ओढ तयार होते, आणि सीलच्या ओठाखालून खारं पाणी आत खेचलं जातं. मार्वेच्या पाच-सात किलोमीटरमध्ये हब जेमतेम कोमट व्हायचा, त्यामुळे दरवेळी थोडंच पाणी शिरायचं. पण शिरायचं. ते आत राहून रोलरवर गंजाचे ठिपके धरत होतं, आणि जवळच्या फेऱ्यांमुळे त्याचा आवाज कधी ऐकूच आला नाही. अलिबागला तीन-साडेतीन तास चालून तापलेला हब थेट पाण्यात गेला, तो शेवटचा धक्का.

आणि दिवाळीचं ग्रीस? निपल टोपीवर होता. तिथून दाबलेलं ग्रीस बाहेरच्या लहान बेअरिंगपाशीच अडतं आणि टोपीच्या कडेने परत येतं. आतल्या मोठ्या बेअरिंगला, ज्याच्या शेजारी सील आहे आणि जिथून पाणी शिरतं, त्याला या सहा वर्षांत नव्या ग्रीसचा कणही मिळाला नसावा.

कोणते पर्याय समोर होते

पहिला, ट्रेलर बांधणाऱ्याकडेच पाठवायचा. तो वसईच्या पलीकडे होता. तिथवर हे चाक चालवत नेणं मला मान्य नव्हतं, आणि टेम्पोवर चढवायचं तर आधी होडी उतरवावी लागणार.

दुसरा, मालाडमधलंच एखादं गॅरेज. दोन ठिकाणी विचारलं. होडीसकट एवढी लांब वस्तू आठवडाभर उभी करायला कुणाकडेच जागा नव्हती.

तिसरा पर्याय मेहुण्याचा. "भाऊजी, ट्रेलर विकून टाका, होडी मढला ठेवू, मी बघतो." बोलणं मनापासूनचं होतं, पण पावसाळ्याचे चार महिने होडी किनाऱ्यावर शाकारून ठेवायला जागा लागते, आणि कोळीवाड्यात ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्याच होड्यांना जागा अपुरी पडते. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळात सगळ्याच होड्या एकदम वर येतात.

चौथा, घरीच करायचं. इथे माझं मत असं होतं की घरी करता येईल, पण कुठे थांबायचं हे आधी ठरवून. बेअरिंग, सील, ग्रीस, दिव्यांची वायर, विंचचा (होडी ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरकाचा) पट्टा ही कामं सोसायटीच्या आवारात नीट होतात. वेल्डिंग, ऍक्सल सरळ करणं आणि लेथचं काम घरी करायचं नाही. दुकानदाराने, शेजाऱ्याने किंवा घाईने कितीही आग्रह केला तरी नाही. हे मी वहीत लिहून दोघांची सही घेतली. पुढे त्या सहीने फार मोठं काम केलं.

काय केलं

मालक आधी सेक्रेटरींकडे गेले. पार्किंगमध्ये गाड्यांची दुरुस्ती करायची नाही असा सोसायटीचा नियम आहे, आणि तो योग्य आहे. सेक्रेटरी काकांची खरी काळजी ग्रीस गटारात जाण्याची आणि दुपारच्या ठोकाठोकीची होती. खाली जाड प्लॅस्टिक आणि त्यावर वर्तमानपत्रं, घाण ग्रीस रंगाच्या जुन्या डब्यात, ठोकाठोकी सकाळी 9 ते 12, असं ठरलं. दोन रविवार मिळाले.

पहिल्या रविवारी सुरुवातीलाच मशीन उतरवलं, पेट्रोलची टाकी काढून घरी बाल्कनीत नव्हे, तर मेहुण्याच्या टेम्पोतून मढला पाठवली. पुढे ग्राइंडर चालवावा लागला, तेव्हा हा निर्णय किती बरा होता ते कळलं.

मग जॅक. मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांत आता पेव्हर ब्लॉक आहेत आणि त्यांच्याखाली वाळू. बाटली जॅकचा बूड छोटा, वजन एका जागी येतं आणि ब्लॉक हळूच खाली बसतो. आमचाही बसला, ट्रेलर दोन बोटं कलला. उतरवून खाली सागाची जाड फळी घातली. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून लाकडी पाचर. ट्रेलर बोलेरोला जोडलेलाच ठेवला, हँडब्रेक लावून.

चेसिस टेकवायला मेहुण्याने आनंदाने सहा सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक आणले. ए विंगच्या दुरुस्तीतून उरलेले होते. दिसायला भक्कम, आकाराने छान. मी ते नाकारले आणि तो थोडा दुखावला. मी एक ब्लॉक घेऊन त्याच्या कोपऱ्यावर पान्ह्याचं टोक दाबलं, ते आत गेलं. भिंतीत सिपोरेक्सवर वजन सगळीकडून सारखं येतं. इथे चेसिसच्या अँगलची कड एका रेषेत बसणार. तो कुठलाही इशारा न देता फुटतो, आणि खाली आपला हात असतो. गॅरेजमधून दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) भाड्याने आणल्या, त्यांच्या जोडीला लाकडाचे ठोकळे आडवे-उभे रचले.

उजवा हब आधी उघडावा असं दोघांनाही वाटत होतं. मी डावा उघडायला लावला. चांगली बाजू कशी दिसते ते कळलं तर वाईट बाजूचं नुकसान मोजता येतं, एवढाच हिशोब होता. टोपी काढली, स्प्लिट पिन सरळ करून ओढली, कॅसल नट (पिन अडकवायला खाचा असलेला) सोडला, हब अंगठ्याने रोखत बाहेर घेतला. आतलं ग्रीस पिवळट-पांढरं, पातळ पिठल्यासारखं. बोट फिरवलं तर पाण्याचे थेंब वेगळे झाले. डिझेलमध्ये धुतल्यावर रोलरवर टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे दिसले, आणि बाहेरच्या रेसवर, म्हणजे रोलर जिच्यात फिरतात त्या कडीवर, तेवढ्याच अंतराने उमटलेल्या गंजाच्या रेघा, उभ्या ट्रेलरमध्ये रोलर जिथे टेकून राहत होते तिथे. "पण हे चाक तर गरमही झालं नव्हतं," मालक म्हणाले. ज्या बाजूला आम्ही चांगली म्हणत होतो, ती पुढच्या लांबच्या फेरीची वाट बघत होती.

सीलचा ओठ जिथे ऍक्सलवर टेकतो ती जागा बघितली. तिथे गंजाने कुरतडलेली बारीक खाच होती. नवं सील बसवलं असतं तरी पाणी त्या खाचेतून आलंच असतं. नुसतं बेअरिंग बदलणारे इथेच चुकतात, म्हणून मी ही खाच दोघांनाही नखाने चाचपायला लावली.

उजवी बाजू उघडायला दीड तास लागला. आतल्या बेअरिंगची आतली कडी ऍक्सलच्या शेंड्यावर उष्णतेने जवळजवळ चिकटली होती. ग्राइंडरने तिला तिरपी खाच घेतली, पूर्ण आरपार न जाता, आणि छिन्नीच्या एका घावाने ती तडकली. खालचं पोलाद निळसर-काळं पडलेलं. पुसून नख फिरवलं तर पायरी लागली.

हा या प्रकरणातला सगळ्यात कठीण क्षण. दुपारचे बारा वाजत आलेले, नवीन बेअरिंग खिशात, आणि मालक म्हणाले, "सर, पॉलिश पेपर मारून बसवलं तर? फक्त मार्वेपर्यंतच तर न्यायचंय." मी व्हर्नियर काढला. डाव्या शेंड्यावर 24.98 मिलिमीटर. बेअरिंगचं भोक 25, म्हणजे ठीक. उजव्यावर एका बाजूने 24.6, पाव वळसा फिरवून मोजलं तर 24.75. शेंडा गोलही राहिला नव्हता. नवं बेअरिंग घालून दाखवलं, ते हाताने डुललं. पॉलिश पेपर उंचवटा काढतो, गेलेलं पोलाद परत आणत नाही. शिवाय निळा रंग सांगतो की तिथल्या पोलादाची ताकद बदलली आहे. किती, ते डोळ्यांना दिसत नाही. मेहुण्याने काही न बोलता वही उघडून सहीचं पान पुढे केलं. काम थांबलं.

ऍक्सल काढायचा तर त्याला स्प्रिंगशी जखडणारे यू-बोल्ट सोडायला हवे. चारपैकी दोन रात्रभर तेल पिऊन सुटले, दोन कापले. ऍक्सल टेम्पोत टाकून साकीनाक्याच्या एका लेथवाल्याकडे नेला. त्याच्यापुढे दोन रस्ते होते: झिजलेल्या शेंड्यावर वेल्डिंगचा भर देऊन पुन्हा कातणं, किंवा दोन्ही शेंडे कापून ईएन-8 पोलादाचे नवीन कातून बसवणं. पहिला रस्ता स्वस्त आणि एका दिवसाचा. त्याने स्वतःच तो नको म्हटलं. शेंडा जिथे ऍक्सलला मिळतो तिथेच सगळा वाक येतो, आणि तिथे वेल्डची उष्णता देऊन मग भरोसा ठेवायचा नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. डाव्या बाजूला सीलची जागा खाल्लेली होतीच, म्हणून दोन्ही नवीन. तिसऱ्या दिवशी ऍक्सल सरळ तपासून मिळाला. कातलेला भाग कापडात गुंडाळून बाकीच्यावर झिंक प्रायमर आणि रंग दिला.

दुसऱ्या रविवारी जोडणी. बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवरून आणली, आतलं 30205, बाहेरचं 30204, जुन्या कडीवर कोरलेल्या नंबरावरून. या बाजारात हुबेहूब खोकी मिळतात, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकट घेतली. सील 35×52×8, दुहेरी ओठाचं.

हबमधल्या जुन्या बाहेरच्या कड्या काढायलाच हव्यात. नव्या रोलरला जुनी कडी लावली तर जुने खड्डे नव्या रोलरला खातात. पंचाने एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला असं आळीपाळीने ठोकत काढल्या. नवी कडी बसवायची युक्ती आयटीआयमध्ये आम्ही दरवर्षी दाखवायचो: जुनी कडी ग्राइंडरने बाहेरून थोडी घासून तीच उलटी नव्या कडीवर ठेवायची आणि तिच्यावर ठोकायचं. नवी कडी तिरकी जात नाही, तिच्यावर हातोडीचा घाव पडत नाही. पोचली की आवाज बदलतो, पोकळ टकटक थांबून भरीव, छोटा आवाज येतो. मालकांनी तो आवाज स्वतःच्या हाताने काढला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

ग्रीस पाण्यात टिकणारं, मरीन वापराचं, घट्टपणाचा नंबर 2. जुनं ग्रीस शेवटच्या कणापर्यंत धुतलं, कारण वेगळ्या जातीची दोन ग्रीस मिसळली की कधी-कधी दोन्ही पातळ होतात. भरायची रीत हाताचीच. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा, उजव्या हातात बेअरिंग, रुंद तोंड खाली. तळव्याच्या कडेवर दाबत ओढायचं, पुन्हा दाबायचं, वरच्या अरुंद बाजूने रोलरच्या फटीतून ग्रीसचे बारीक शेव वर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. एका बेअरिंगला पाच-सात मिनिटं लागतात.

नट आवळण्याची पद्धत चाकाच्या नटसारखी नाही. हब हाताने फिरवत नट पान्ह्याने आवळायचा, म्हणजे बेअरिंग जागी बसतात. मग पूर्ण सैल करायचा. मग फक्त बोटांनी, लागेल तेवढा. पिनचं भोक आणि नटाची खाच जुळत नसेल तर नट मागे घ्यायचा, पुढे कधीच नाही. वर-खाली हलवलं तर कागदाच्या जाडीएवढी हालचाल जाणवायला हवी. स्प्लिट पिन नवीनच.

बाकीची कामं भराभर झाली. टायरवर तारखेचे चार आकडे 2416 निघाले, म्हणजे 2016 सालचा 24वा आठवडा. नक्षी अजून खोल होती, पण बाजूच्या भिंतीला बारीक चिरा. बोट ट्रेलरचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन जातात. दोन्ही बदलले. दिव्यांचा परतीचा प्रवाह चेसिसच्या गंजलेल्या लोखंडातून जात होता, म्हणून दिवे कधी लागायचे, कधी नाही. प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थची वायर ओढली. कपलिंगवरचा (ट्रेलर गाडीला जिथे जोडतात तिथला) भार घरातल्या वजनकाट्यावर मोजला, काट्यावर लाकडी ठोकळा आणि त्यावर ट्रेलरचं तोंड: 31 किलो. एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के हवं, म्हणजे चाळीस ते पंचावन्न. होडी विंचने चार बोटं पुढे ओढून पुढचा ठोकळा सरकवला, 44 आलं. अलिबागला जाताना ट्रेलर मागे का डुलत होता, त्याचं उत्तर मालकांना इथे मिळालं.

निकाल

पहिली चाचणी मार्वेपर्यंत, पाण्यात न घालता. परत आल्यावर डावा हब कोमट. उजव्यावर हात ठेवला आणि तीन मोजायच्या आत काढावा लागला. लगेच उघडला. खाच जुळत नव्हती म्हणून मालकांनी नट एक खाच पुढे घेतला होता. मी शेजारी उभा होतो आणि माझं लक्ष टायरकडे होतं, चूक दोघांची. बेअरिंगला अजून इजा झालेली नव्हती. नट मागे घेतला, पिन पुन्हा नवी. दुसरी चाचणी दहिसर चेकनाक्यापर्यंत आणि परत. दोन्ही हब सारखेच कोमट. चाकांचे नट पुन्हा एकदा समोरासमोरच्या क्रमाने तपासले, एक थोडा सैल निघाला.

मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास येतो. त्याआधी दोन रविवार मार्वेला जाता आलं. आता पोचल्यावर अर्धा तास थांबतात, हबवर तळहात टेकवून बघतात, थंड झाला की मगच ट्रेलर पाण्यात. दिव्यांचा प्लग आधी काढतात. घरी आल्यावर खांद्यावरचा 16 लिटरचा फवारणी पंप गोड्या पाण्याने भरून मालकांची मुलगी पाटे, यू-बोल्ट, हबची मागची बाजू फवारते. एका पंपात पूर्ण ट्रेलर धुऊन होतो आणि पाण्याच्या वेळेची वाट बघावी लागत नाही.

पावसाळा संपल्यावर डावा हब पुन्हा उघडला. ग्रीस तेच गडद, दाट. पाण्याचा थेंब नाही.

वेगळं काय करता आलं असतं

अलिबागला निघण्याआधी चाक वर उचलून हाताने फिरवलं असतं तर खरखर बोटांना लागली असती. दहा मिनिटांचं काम होतं. लांबच्या फेरीआधी ते करायचंच, असं आता ठरलं आहे. जाताना तासाभराने एकदा थांबून दोन्ही हबना हात लावला असता, तरी एक दुसऱ्यापेक्षा गरम हे जाताच कळलं असतं. दोन हबमधला फरक हाच पहिला निरोप असतो.

किनाऱ्यावर भरती उतरत होती म्हणून घाई झाली. हे मी समजू शकतो. समुद्रावर वेळ आपली नसते. पण अर्धा तास थांबून होडी उतरवायला उशीर झाला असता, तर फार तर पुढच्या भरतीला उतरवली असती.

रस्त्यावर तापलेल्या हबवर पाणी ओतलं, ते नको होतं. तडकण्याची भीती आहेच, आणि पाणी आत खेचलं जाण्याची तीच क्रिया तिथेही घडते. सावलीत उभं करून आपोआप निवू द्यायचा.

परतीच्या रात्रीचा निर्णय मला अजूनही खुपतो. आतलं बेअरिंग न बघता सत्तरेक किलोमीटर हळूहळू येणं म्हणजे, माझ्या मते, शेंडा खराब होण्याचं मोठं कारण. पेणच्या आसपास ट्रेलर एखाद्याच्या आवारात ठेवून दुसऱ्या दिवशी बेअरिंग घेऊन परत गेले असते, तर कदाचित ऍक्सल वाचला असता आणि लेथचा खर्चही. मालकांचं म्हणणं वेगळं: बरोबर मुलं होती, रात्र होती, होडी अनोळखी जागी सोडायची हिंमत झाली नाही. त्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

माझ्या बाजूने एक गोष्ट राहिली. नट आवळताना मी मालकांना मोकळं सोडलं, कारण त्यांनी डावा अगदी नीट केला होता. शिकवताना मी दुसऱ्या खेपेलाच जास्त लक्ष द्यायचो. विद्यार्थ्याला आलं असं वाटतं तेव्हाच तो पायरी गाळतो. इथे ते विसरलो.

आणि सुटा हब. गाडीत स्टेपनी असते तसा बेअरिंग, सील, ग्रीससकट तयार हब बरोबर असता, तर खारपाड्यापाशी निदान डोकं शांत ठेवून विचार करता आला असता. तो आता बनवला आहे. ग्रीस भरून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, दोन स्प्लिट पिन आणि नटाच्या मापाच्या पान्ह्यासकट एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात बोलेरोच्या मागच्या सीटखाली असतो. झाकणावर मेहुण्याने पांढऱ्या रंगाने उघडण्याची पुढची तारीख लिहिली आहे.